पडद्यावरचा डोंगर, डोंगरातलं लग्न

मांजरी हे सपाटीवरचं गाव. मुळा-मुठेचा काठ, कालव्याचं पाणी, ऊस आणि द्राक्ष ही त्याची ओळख. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. त्याआधीपासूनच हडपसरकडून येणाऱ्या रस्त्यांवर शेतांच्या जागी मंगल कार्यालयं आणि लॉन्स उभी राहू लागली होती. लग्नसराईत या पट्ट्यातल्या फोटोग्राफरला उसंत नसते. पण आज त्यानं केलेल्या एखाद्या करिझ्मा अल्बमची सुरुवातीची पानं उघडली, तर मांजरी कुठेच दिसत नाही. दिसतो ताम्हिणीचा घाट, मुळशीचं पाणी, पानशेतचा काठ, सिंहगडाची वाट. लग्न सपाटीवर लागतं आणि अल्बम डोंगरात सुरू होतो.

नवरा-नवरीच्या पाठीशी डोंगर उभा करण्याची हौस मात्र आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी मराठी नावं त्या पहिल्या पिढीतच भेटतात. त्या काळी काच कोलोडियनचा थर देऊन ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि थर वाळायच्या आत अंधारात धुवावी लागे. बाहेर फोटो काढायचा तर काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि हमाल हे सगळं लटांबर सोबत न्यावं लागायचं. एवढं घेऊन मांडवात कोण जाणार? त्यामुळे लग्नाचा फोटो लग्नात निघत नसे. लग्न होऊन गेल्यावर, कधी काही महिन्यांनी, जोडपं शहरात किंवा तालुक्याच्या गावी जाऊन स्टुडिओत बसे.

आणि त्या स्टुडिओत मागे पडदा असे. त्यावर रंगवलेला डोंगर, तळं, एखादा कमानीचा पूल, कधी ताजमहाल. हे पडदे रंगवण्याची कला संगीत नाटकांच्या रंगभूमीशी सख्खं नातं सांगणारी. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. रंगमंचावर राजवाडा आणि अरण्य उभं करणारी दृष्टीच फोटो स्टुडिओच्या भिंतीवर उतरली. नऊवारीतली नवरी खुर्चीवर, फेट्यातला नवरा शेजारी उभा आणि मागे कधी न पाहिलेला पर्वत. महाबळेश्वर साहेबाचं आणि संस्थानिकांचं, माथेरान मुंबईच्या श्रीमंतांचं. बाकीच्यांना हवा खायचा डोंगर परवडत नव्हता, तो कापडावर मिळत होता.

कॅमेऱ्याची भीतीही होतीच. फोटो काढला की आयुष्य घटतं, हा समज इतका पक्का होता की बडोद्याला फोटोग्राफीचा धंदा थाटणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनाही त्याची झळ लागली. नव्या नवरीला त्या काळ्या पेटीसमोर बसवायला घरची म्हातारी माणसं राजी नसत.

कॅमेरा खऱ्या अर्थानं मांडवात आला तो १२० नंबरच्या रोलबरोबर. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा हौशी माणसाचा कॅमेरा, तर धंदेवाईक फोटोग्राफरच्या गळ्यात जपानी याशिका. दोन्हींत एका रोलवर बारा चौकोनी फोटो. या बारा आकड्यानं मराठी लग्नाचा जुना अल्बम घडवला, असं म्हणायला हरकत नाही. साखरपुडा, देवक, हळद, परण्या, सीमांतपूजन, रुखवत, मंगलाष्टका, कन्यादान, मंगळसूत्र, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, वरात: बाराच्या आत यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? दुसरा रोल घालायचा तर यजमानाला विचारावं लागे. म्हणून त्या काळच्या अल्बममध्ये धावतं, हसतं, रडतं असं फारसं काही नसतं. जे आहे ते ठरवून घेतलेलं आहे. मानाची माणसं रांगेत उभी आहेत, कारण फोटोत कोण आलं आणि कोण राहिलं, यावरून सोयरिकीत रुसवे होत असत.

खरी कसोटी अंतरपाटाची. याशिकात वरून खाली पाहावं लागतं आणि काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. भोवती माणसं दाटलेली, अक्षतांचा मारा चालू, मामा नवरीमागे उभा. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि हार गळ्यात पडायला काही सेकंदच लागतात. फ्लॅशगन एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणजे संधी एकच. ती हुकली तर नवरा-नवरीला पुन्हा हार हातात घेऊन उभं करावं लागे, आणि अनेक अल्बममधले हार घालतानाचे फोटो असे नंतर काढलेले आहेत. नजर सरावली की ते ओळखू येतात: अंतरपाट धरणारे भटजी तिथे नसतात आणि जमिनीवर अक्षता आधीच सांडलेल्या असतात.

ही झाली सपाटीवरची गोष्ट. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला मुळशी, वेल्हे म्हणजे आताचा राजगड, आणि भोर हे तालुके. इथली लग्नं कॅमेऱ्यात आली ती फार उशिरा आणि फार थोडी. एस.टी. जिथे थांबेल तिथून पुढे वाट पायांची. कॅमेरा, फ्लॅश, बॅटरी खांद्यावर घेऊन खिंड चढायची. बऱ्याच वाड्यांवर वीज नव्हती. मांडवात गॅसबत्त्या, आणि त्यांच्या उजेडात त्या काळच्या फिल्मवर चेहरे नीट उमटत नसत. सपाटीवरून येणाऱ्या फोटोग्राफरची सगळ्यात मोठी चूक होई ती वेळेच्या हिशेबात. पंचांगातला गोरज मुहूर्त सूर्यास्ताच्या गणिताचा, पण ज्या गावाच्या मावळतीला डोंगर आहे, तिथे ऊन त्याच्या कितीतरी आधी जातं. तोरणा १४०३ मीटर उंच आहे. अशा डोंगराच्या सावलीतल्या गावात मंगलाष्टका सुरू होईपर्यंत सगळं निळसर करडं झालेलं असतं. जाणता माणूस दुपारीच नवरा-नवरीला अंगणात उभं करून दोन फोटो काढून ठेवी.

भोर तालुक्यातलं रायरेश्वराचं पठार हे तर याचं टोकाचं उदाहरण. शिवरायांच्या स्वराज्याच्या शपथेसाठी लोक हे ठिकाण जाणतात. पण वर जंगम कुटुंबांची वस्ती आहे, शेती आहे, संसार आहेत. चढाईचा शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा. इथल्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवा झाला, तेव्हा त्याचे भाग सुटे करून खांद्यावरून वर नेले आणि पठारावर पुन्हा जोडले. जिथे ट्रॅक्टर असा जातो, तिथे सून, रुखवत आणि मांडवाचं सामान कसं जात असेल, हे वेगळं सांगायला नको. आणि कॅमेराही तसाच.

डोंगरातल्या कुटुंबाला लग्नाच्या फोटोची निकड पुढे एका वेगळ्याच कारणानं भासू लागली. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो मागितला जाऊ लागला. हौस म्हणून जे परवडत नव्हतं, ते आता पुरावा म्हणून हवं झालं. बाईच्या हक्काच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. नवऱ्यानं नाकारलं तर दाखवायला तिच्याजवळ आता काहीतरी असतं.

दरम्यान सपाटीवरच्या धंद्यानं कूस बदलली होती. रंगीत रोल आले, व्हिडिओ शूटिंगचे हॅलोजन आले, मग डिजिटल, मग कॅन्डिड. गेल्या दशक-दीड दशकात प्री-वेडिंग शूट आलं आणि त्यानं एक जुनी घडी मोडली. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा चातुर्मास. या दिवसांत लग्नं नाहीत, त्यामुळे फोटोग्राफरची सुगी संपलेली. डोंगरात तर हे दिवस आवणीचे. गुडघाभर चिखलात भात लावणारं घर लग्न काढणार कसं? पण प्री-वेडिंगला मुहूर्त लागत नाही. आणि शहरातल्या जोडप्याला हवं असतं ते नेमकं तेव्हाचंच: धुकं, धबधबे, हिरवे डोंगर. म्हणजे ज्या चार महिन्यांत डोंगरातला माणूस लग्नाचं नावही काढत नाही, त्याच महिन्यांत सपाटीवरचा फोटोग्राफर तिथे लग्नाचं काम करू लागला.

हे काम सोपं नाही. गारेगार गाडीतून काढलेली लेन्स दमट हवेत क्षणात आतून-बाहेरून धुरकटते. बॅग बंद ठेवून सामान बाहेरच्या हवेला येईपर्यंत थांबावंच लागतं. सिलिका जेलच्या पुड्या न ठेवणाऱ्याच्या लेन्सवर पावसाळ्याअखेर बुरशीचे धागे दिसतात. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे लाइट आणि स्टँड घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर. आणि पाऊस तर जिवावर बेतणारा. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच्या काही आठवडे आधी, ३० जूनला, भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. हडपसर म्हणजे मांजरीचं शेजारचं घर. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं धबधबे आणि धरणकाठांवर बंदी आणि मर्यादा घातल्या. त्या पाळणारा फोटोग्राफर एखादं काम गमावतो आणि योग्य तेच करतो.

मुळशीच्या काठावर जोडप्याला उभं करताना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. ते पाणी नैसर्गिक तळं नाही. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी इथे सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. सत्याग्रह हरला आणि भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. त्या खाचरांच्या कडेला किती मांडव पडले असतील. त्यांचे फोटो कुणी काढलेले नाहीत. अल्बमच्या पहिल्या पानावर जो निळा पट्टा शोभेसाठी येतो, तो एका संपूर्ण खोऱ्याचा संसार बुडवून झालेला आहे. तिथे फोटो काढू नये असं नव्हे. पण तिथल्या माणसाच्या शेतात शिरण्याआधी त्याला विचारावं, लावलेलं रोप तुडवू नये, एवढा मान तरी त्या जमिनीला मिळायला हवा.

म्हणूनच तालुक्याच्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंमध्ये पडलेल्या निगेटिव्हच्या पेट्या मोलाच्या आहेत. पौड, भोर, वेल्हे, राजगुरुनगर इथल्या बाजारपेठांतले फोटोग्राफर डोंगरात चालत गेले, आणि डोंगरातल्या लग्नांचा जो काही चित्ररूप पुरावा आहे तो त्यांच्याचकडे असणार. यातही एक उलटा न्याय आहे. साठ-सत्तरच्या दशकातलं नीट धुतलेलं कृष्णधवल काम आजही टिकून दिसतं, कारण ती चांदीची प्रतिमा. नंतरचे रंगीत प्रिंट पिवळे-तांबडे पडत चाललेत आणि ऐंशी-नव्वदच्या व्हीएचएस कॅसेटना घाटातल्या दमटपणानं बुरशी धरली आहे. म्हणजे घाई जुन्या निगेटिव्हपेक्षा कॅसेटची जास्त आहे. मांजरीसारख्या गावातल्या आजच्या फोटोग्राफरकडे स्कॅनर आहे, हार्ड डिस्क आहे आणि पावसाळ्यातल्या आठवड्यात मोकळे दिवसही आहेत. पाकिटावर गावाचं नाव, साल आणि जमल्यास दोन्ही घरांची आडनावं लिहिली, तरी पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम होतं. चेहरे ओळखणारी पिढी अजून त्या वाड्यांवर राहते, तेव्हा पेटी घेऊन पुन्हा एकदा खिंड चढावी लागेल.