एकटा पळाला, पहिला आला!

मागच्या महिन्यात आईला घेऊन नृसिंहवाडीला गेलो होतो. पहाटे पुण्याहून निघायचं, दत्तमहाराजांचं दर्शन, मामाकडे जेवण आणि येताना पेढे आणि कवठाची बर्फी. नेहमीचाच कार्यक्रम. यावेळी मामाचा नववीतला नातू जेवताना मोबाईल घेऊन मागे लागला. रोज सकाळी एकटाच पळतो आणि स्वतःच स्टॉपवॉच लावतो. चार महिन्यांची सगळी टायमिंगं लिहून ठेवली होती, आणि त्या दिवशी त्याचं सगळ्यात भारी टायमिंग आलं होतं.

मामा म्हणाला, "आरं, एकटा पळालास म्हंजे पयला येनारच की!"

सगळे हसले. पोरगं हसलं नाही.

परतीच्या वाटेवर ते डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात याला बेंचमार्क म्हणतात. स्वतःच्या मशीनवर प्रोग्रॅम सुसाट पळतो आणि क्लायंटकडे गेला की धापा टाकतो. मग त्या आकड्याला किंमत काय? घरी आल्यावर जरा इतिहास चाळला.

सुरुवात पुण्यातच सापडली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. पळणारे बरेचसे शेतकऱ्यांचे तरुण पोरगे, तेही अनवाणी. पण त्यांच्या वेळा बघून टाटांच्या लक्षात आलं, की या युरोपातल्या धावपटूंच्या आसपास जातात. तिथून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची खटपट सुरू झाली. त्या संघात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉनमध्ये तो २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळून १९ वा आला. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमाइनेन त्याच्या १८ मिनिटं आधी पोचला होता.

आता यातून काय घ्यायचं? घरच्या घड्याळाने सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मात्र ते घड्याळ लावलंच नसतं तर अँटवर्पचं नावसुद्धा निघालं नसतं.

यानंतर शंभर वर्षं उडी मारून आपल्या अविनाश साबळेकडे येऊ. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. महार रेजिमेंटमधला जवान, सियाचीनला राहून आलेला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. २८ अडथळे आणि शिवाय ७ वेळा पाण्यावरची उडी. (वाडीकरांना पाण्याचं काय कौतुक, त्यांच्या देवळातच दर पावसाळ्यात नदी येते!) गोपाल सैनीचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून कुणाला हलला नव्हता. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० वेळ देऊन तो मोडला.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे मैदानी सीझन लवकर सुरू होतो, युरोपातल्या मोठ्या शर्यती नंतर. साबळेचे विक्रम बघा. मार्च २०१९, पतियाळा, ८:२८.९४. मार्च २०२१, पुन्हा पतियाळा, ८:२०.२०. मार्च २०२२, तिरुवनंतपुरम, ८:१६.२१. तिन्ही सीझनच्या तोंडाशी, तिन्ही वेळा तोच पहिला, पुढे धरायला कुणी नाही. म्हणजे मामाच्या भाषेत, एकटा पळाला!

आणि त्याच वर्षी बाहेर काय झालं? २०१९ ला दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७, म्हणजे मार्चपेक्षा साडेसात सेकंद कमी. नंबर मात्र तेरावा. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि तरी हीटमध्ये सातवा. फायनल हुकली. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदांनी गेलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जात होता. ती साखळी मांडव्याच्या पोराने तोडली.

तिन्ही वर्षं बेंचमार्कपेक्षा प्रॉडक्शन भारी! आमच्या ऑफिसात असं कधी झाल्याचं आठवत नाही :)

मला सगळ्यात आवडलेली शर्यत मात्र वेगळीच आहे. मे २०२२, अमेरिकेतलं सान हुआन कापिस्त्रानो. अंतर ५००० मीटर, म्हणजे त्याची मुख्य शर्यतही नव्हे. साबळे चक्क बारावा आला. पण वेळ होती १३:२५.६५. बहादूर प्रसादचा १९९२ सालचा १३:२९.७० हा विक्रम ३० वर्षांनी मोडला. मार्चमध्ये पहिला येऊन विक्रम, मे मध्ये बारावा येऊन विक्रम. नंबर सोबत कोण पळतंय त्यावर ठरतो. घड्याळाला त्याचं काही पडलेलं नसतं.

पुढे २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ पळाला. ८:१० च्या आत जाणारा पहिला भारतीय. महिन्याभरात ऑलिंपिक फायनलमध्येही पोचला आणि अकरावा आला. २०१८ पासून सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी केले. त्याआधीच्या विक्रमाला एक सेकंद सरकायला ३७ वर्षं लागली होती.

म्हणजे मामाचं अर्धं बरोबर आहे. एकट्याने पळून आपण कितवे ते कळत नाही. पण काल होतो त्याच्यापेक्षा आज कुठे आहोत, ते कळतं. आणि बाहेरचं दार उघडतं तेही त्याच कागदावर, १९१९ लाही आणि आजही.

असो. रविवारी मामाला फोन करून हे सगळं ऐकवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग त्येनं पळत पळत घड्याळ कशाला बघायचं? उद्यापास्नं मी धरतो की."