शितावरून भाताची परीक्षा

बुद्धिबळाच्या पटाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले म्हणजे राजाची कोठारे रिती होतात. त्या पटाच्या तेहेतिसाव्या घरात जेवढे दाणे पडतात, त्यांत आणखी एक मिळविला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. या एका संख्येचाच इतिहास आम्हांला सांगावयाचा आहे. कारण एका थोर पुरुषाचे अनुमान तिच्यापाशी येऊन अडखळले.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ येथे प्येर द फेर्मा नावाचा न्यायाधिकारी होता. न्यायदान हा त्याचा व्यवसाय. गणित हे व्यसन. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, असे वर्ग करीत जावे आणि दोनासकट प्रत्येक संख्येत एक मिळवावा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ अशी माळ तयार होते. या पाचही मूळ संख्या आहेत; म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून त्यांना दुसरा विभाजक नाही. माळ कितीही वाढविली तरी तीत मूळ संख्याच येणार, असे फेर्माने १६४० साली पत्राने कळविले. पक्की सिद्धता आपणांपाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले. माळेतील सहावी संख्या म्हणजेच आमची ही संख्या.

सुमारे नव्वद वर्षे हे अनुमान उभे राहिले. १७२९ साली गोल्डबाखने पत्रातून ऑयलरचे लक्ष तिकडे वेधले, आणि १७३२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलरने दाखविले की ही संख्या ६४१ ने निःशेष भागली जाते. भागाकार ६७,००,४१७. पडताळा कोणीही घरी घ्यावा: त्याची सहाशेपट ४,०२,०२,५०,२००, चाळीसपट २६,८०,१६,६८०, आणि एकपट ६७,००,४१७, बेरीज बरोबर आमची संख्या. लहानापासून क्रमाने एकेका मूळ संख्येने भागत गेले असते, तरी एकशेसोळाव्या भागाकारालाच हे उघड झाले असते. पुढे ऑयलरने सिद्ध केले की या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला चौसष्टाने भागले असता बाकी एकच उरते. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१, अशा पाचच कसोट्या पुरतात!

अनुमान पडले, पण माळ वाया गेली नाही. १७९६ साली, एकोणिसावे वर्षही पुरे न झालेल्या गाउसने पट्टी व कंपास यांनी सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे दाखविले. बाजूंची संख्या मूळ आणि या माळेतील असेल तर आकृती साधते, हे त्याने १८०१ च्या ग्रंथात मांडले. आमची संख्या मूळ नसल्याने तेवढ्या बाजूंची आकृती मात्र साधत नाही.

आज सहावीपासून तेहेतिसावीपर्यंतच्या अठ्ठावीसही संख्या विभाज्य ठरल्या आहेत. पुढेही एकही मूळ संख्या हाती आलेली नाही. तेव्हा 'आता पुढे मूळ संख्या नाहीच' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेही सिद्ध झालेले नाही. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते. गणितात पाच शिते फेर्माला पुरली नाहीत. अठ्ठावीस आम्हांला कशी पुरावी?