पठाण आणि नाव

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, उत्तन, चौक, पाली येथे आम्ही कॅथलिक कोळी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगत आलो. १७३९ साली पोर्तुगीजांकडून धारावीचा किल्ला आणि पाठोपाठ वसई मराठ्यांनी जिंकली. राज्ये पालटली, होड्यांची बांधणी थांबली नाही. कागदावर नकाशा नसे. मिस्त्री आधी पठाण मांडी. बांध्याचे प्रमाण त्याच्या नजरेत असे. होडी पूर्ण झाली की धर्मगुरू तिला आशीर्वाद देत आणि नाळेवर मरियेचे वा एखाद्या संताचे नाव उमटे. आता लाकडाची जागा फायबर घेत आहे. एका साच्यातून होड्या सारख्याच निघतात. वेगळेपण उरते ते नावापुरते. नावे आमची मुले राखतील. मिस्त्रींच्या नजरेतली मापे मात्र त्यांच्या हयातीतच आम्ही टिपून घ्यायला हवीत.