शंभरावी, पण पोरकी पलटण

लष्करात पलटण सहसा आपल्या रेजिमेंटच्या छत्राखाली वाढते. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, तिला मात्र रेजिमेंटच नव्हती. ती अमेरिकेची शंभरावी स्वतंत्र पायदळ पलटण. जवान बहुतेक हवाई बेटांवर जन्मलेले, आईवडील जपानी. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि या पोरांकडे सारे संशयाने पाहू लागले.

५ जून १९४२ रोजी १४३२ जण होनोलुलूहून जहाजाने निघाले. जवान पलटणीला 'वन पुका पुका' म्हणत. हवाईच्या भाषेत पुका म्हणजे भोक, म्हणजेच शून्य! विस्कॉन्सिन आणि मिसिसिपीत वर्षभराहून अधिक काळ प्रशिक्षण झाले. काही जवानांना तर एका बेटावर नेऊन, कुत्र्यांना जपानी माणसाचा वास ओळखायला शिकवण्यासाठी सावज केले गेले. प्रयोग अर्थातच फसला.

सप्टेंबर १९४३ मध्ये पलटण इटलीत सालेर्नोला उतरली. २९ तारखेला पहिला बळी गेला तो सार्जंट जो टाकाटा या बेसबॉलपटूचा. पुढे व्होल्टुर्नो नदी, कडाक्याची थंडी आणि जानेवारी १९४४ मध्ये कॅसिनो. तिथे चिखलपाण्याने भरलेल्या शेतांत सुरुंग पेरलेले होते. सालेर्नोला उतरलेल्या सुमारे १३०० जणांपैकी लढण्याजोगे उरले ५२१. जखमींना मिळणाऱ्या पदकावरून तिला 'पर्पल हार्ट पलटण' म्हणू लागले.

फेब्रुवारीत कॅसिनोच्या डोंगरावर या पलटणीच्या ३४ व्या डिव्हिजनची जागा चौथ्या हिंदी डिव्हिजनने घेतली. याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी आपल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपले मराठे परक्या राजवटीसाठी लढत होते. हे जवान स्वतःच्या देशासाठी, पण त्या देशाचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरचे लाखाहून अधिक जपानी वंशाचे लोक त्या वेळी छावण्यांत डांबलेले होते.

जून १९४४ मध्ये ही पलटण ४४२ व्या रेजिमेंटला जोडली गेली. मान म्हणून तिचा शंभर हा आकडा मात्र कायम राहिला. ऑक्टोबरात फ्रान्समध्ये वेढ्यात अडकलेल्या टेक्सासच्या २११ जवानांना या रेजिमेंटने सोडवले. त्यात तिचे सुमारे ८०० जण मेले वा जखमी झाले.

युद्धात पलटणीचे तीनशेहून अधिक जण कामी आले. फेरतपासणी होऊन काहींना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, तेही २००० साली. तोवर अनेक जण हयात नव्हते. नागरिकाने आपली निष्ठा रक्त सांडून सिद्ध करावी, अशी पाळी कोणत्याही देशाने कुणावर आणू नये, एवढेच मला सांगायचे आहे.