‘एक पैसाही घेऊ नका’ या अटीची गोष्ट

परवा एका शिक्षक मित्राचा फोन आला. मुलांना पाढे शिकवणारा छोटासा प्रोग्राम त्याने बनवलाय. म्हणाला, "सगळ्या शाळांना फुकट देतो. अट एकच, कुणी यावर एक पैसाही कमवायचा नाही. बरोबर ना?"

ऐकायला बरोबरच वाटतं. पण मी त्याला म्हटलं, थांब, ही अट आधी एकाने घालून पाहिली आहे.

साल १९९१. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याच्या कॉम्प्युटरवर मिनिक्स होतं. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम १९८७ साली आली. सोर्स कोड वाचायला मिळायचा, पण मिनिक्स प्रकाशकाकडून विकत घ्यावं लागे. त्यात सुधारणा केली तरी सुधारलेलं अख्खं मिनिक्स वाटायची मुभा नव्हती. लोक फक्त आपापल्या दुरुस्त्यांचे तुकडे वाटत. ज्याला हवं त्याने मूळ माल विकत आणायचा आणि हे तुकडे घरी जोडत बसायचं.

लिनसने सप्टेंबर १९९१ मध्ये स्वतःची लिनक्स खुली केली. अटी अशा: सोर्स कोड पूर्ण द्या आणि पैसे घेऊ नका. अगदी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही! हेतू अगदी स्वच्छ होता.

पण तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठे होतं? प्रोग्राम फ्लॉपीवरून फिरायचा. फ्लॉपीला पैसे, टपालाला पैसे, कॉपी करत बसणाऱ्याचा वेळ वेगळाच. ही अट व्यापाऱ्याला रोखत होती तशीच पदरमोड करून वाटणाऱ्यालाही अडवत होती.

काही जणांनी लिनसला हे सांगितलं आणि त्याने ऐकलं. जानेवारी १९९२ मध्ये त्याने बदल जाहीर केला. १ फेब्रुवारीपासून लिनक्स रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल लायसन्सखाली येणार होती. जीपीएल म्हणतं, पैसे खुशाल घ्या. मात्र सोर्स कोड द्यावा लागेल, आणि ज्याने तुमच्याकडून विकत घेतलं त्याने पुढे फुकट वाटलं तर त्याला अडवता येणार नाही.

मग स्लॅकवेअरसारखे संच सीडीवर विकले जाऊ लागले. आपल्याकडेही कॉम्प्युटरच्या मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. मी पहिली सीडी तशीच मिळवली, मासिकाचे पैसे मोजून, आणि नंतर ती चार मित्रांकडे फिरली. जुनी अट राहिली असती तर ती सीडी माझ्यापर्यंत आलीच नसती. जीपीएल स्वीकारणं हा आपला फार चांगला निर्णय होता, असं लिनसनेही पुढे सांगितलं. मिनिक्सनेसुद्धा २००० साली आपलं लायसन्स मोकळं केलं. तोवर लिनक्स फार पुढे गेली होती.

मित्राला एवढंच विचारलं: ज्या गावात नेट धड चालत नाही, तिथे कुणी पेनड्राइव्हचे दोनशे रुपये घेऊन तुझा प्रोग्राम पोचवला, तर तो चोर की तुझा पोस्टमन?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अट काढतो."

सरकारी पैशातून बनलेल्या शैक्षणिक साहित्यावर "व्यावसायिक वापरास मनाई" असा शिक्का दिसला की मला हीच गोष्ट आठवते. फुकट आणि मुक्त यात फरक आहे. तुम्हाला काय वाटतं?