अतिदक्षतेचा पाया कोणता?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ कोविड रुग्ण दगावले. त्यानंतरची चर्चा साहजिकच टाकी, झडपा आणि देखभाल यांभोवती फिरली. अतिदक्षता विभाग म्हणजे यंत्रसामग्री, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. या विभागाचा जन्म कसा झाला हे पाहिले, तर मात्र ते अपुरे ठरते.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. मज्जासंस्थेवर घाला पडल्याने रुग्णांना गिळता येईना, श्वास घेता येईना आणि श्वसनयंत्रे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन तिथून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या, परिचारिका उशाशी राहिल्या आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग सुरू केला. म्हणजे या विभागाचे मूळ मेंदू-मज्जेच्या आणीबाणीत आहे आणि पुरेशी यंत्रे येण्याआधीच खाटेपाशी अखंड हजर राहणारे माणूस तिथे होते.

१९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची जी पद्धत मांडली, तिलाही उपकरण लागत नाही. सिस्टर रुग्णाला हाक मारते, नाव विचारते, हात उचलायला सांगते. प्रतिसाद नसेल तर नखावर दाब देऊन पाहते. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून ३ ते १५ असा आकडा येतो. सोबत ती विजेरीने बाहुल्या तपासते. मघाशी १४ असलेला आकडा ११ वर आला किंवा एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर कवटीतला दाब वाढत असल्याची शंका घेऊन डॉक्टरांना तात्काळ बोलवावे लागते. त्याच वेळी पडद्यावर नाडी आणि प्राणवायू ठीकठाक दिसत असू शकतात. शिवाय आकडा उतरला हे कळायला आधीची नोंद हवी आणि ती ठरल्या वेळी घेणारी परिचारिका हवी.

यावर आक्षेप असा, की प्राणवायूच तुटला तर दक्ष परिचारिका तरी काय करणार? आक्षेप खरा आहे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर मोजक्या मिनिटांत कायमची इजा होते. नाशिकची ती जीवितहानी नुसत्या निगराणीने टळली असती, असे म्हणणे कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे होईल. पण त्यातून यंत्राची गरज सिद्ध होते, यंत्र पुरेसे असल्याचे नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका हवी. एकाच परिचारिकेकडे चार-पाच खाटा सोपवल्या, की पहिला बळी जातो तो बाहुल्यांच्या तपासणीचा, कारण ती चुकली तरी कुठलाही भोंगा वाजत नाही.

राज्यातल्या परिचर्या पदवीच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. प्रशिक्षणाचा पाया या शहरात असताना नव्या अतिदक्षता विभागाच्या उद्घाटनात श्वसनयंत्रांसोबत परिचारिकांची भरलेली पदेही जाहीर व्हायला हवीत.