वर्ग सुटल्यानंतरचे महाविद्यालय : प्रस्तावना

महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना प्राचार्य, प्राध्यापक, अभ्यासक्रम आणि इमारती यांची नोंद होते. एखादा विद्यार्थी आठ दिवस वर्गात आला नाही, मेसमध्येही दिसला नाही, हे आधी कोणाच्या लक्षात आले आणि त्या व्यक्तीने पुढे काय केले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. निवासी विद्यार्थिजीवनाचा अभ्यास या कोऱ्या जागेपासून सुरू होतो. शिक्षणशास्त्र, कायदा, मानसशास्त्र किंवा प्रशासन, कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे येथे स्वागत आहे. ओळखीसाठी हार्वर्डमधील ‘रेसिडेंट डीन’ हे पद समोर ठेवू, कारण या क्षेत्रातील बहुतेक मूळ प्रश्न त्या एका पदात एकवटले आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये श्रीमंतांची मुले माउंट ऑबर्न स्ट्रीटच्या आलिशान खासगी वसतिगृहांत राहत आणि बाकीची जमेल तिथे. ही दरी अध्यक्ष लोवेल यांना सलत होती. येलचे माजी विद्यार्थी एडवर्ड हार्कनेस यांनी १९२८ साली देणगी देऊ केली आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर ‘हाऊस’ उभी राहू लागली. डन्स्टर आणि लोवेल ही पहिली दोन १९३० साली उघडली. येलची निवासी कॉलेजेही हार्कनेस यांच्याच पैशातून १९३३ साली सुरू झाली. आज हार्वर्डमध्ये अशी बारा निवासी हाऊस आहेत. पहिले वर्ष संपले की विद्यार्थी त्यांपैकी एकात जातो आणि सहसा पदवीपर्यंत तिथेच राहतो. प्रत्येक हाऊसला स्वतःचे भोजनगृह, ग्रंथालय आणि तिथेच राहणारे शिक्षक असतात.

हाऊसच्या सामूहिक जीवनाची धुरा फॅकल्टी डीनकडे असते. एकेका विद्यार्थ्याचा अभ्यास आणि त्याची खुशाली पाहणे हे रेसिडेंट डीनचे काम. विषय सोडायचा आहे, ऐन परीक्षेत ताप भरला, घरी कोणी वारले, खोलीतल्या जोडीदाराशी पटत नाही, वर्षभर रजा घ्यायची आहे, रजेनंतर परतायचे आहे, असे सगळे या एकाच दारी येते. त्याच वेळी हा डीन महाविद्यालयाच्या प्रशासकीय मंडळाचा सदस्य असतो, आणि नियमभंगाची अनेक प्रकरणे याच मंडळापुढे चालतात. म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, त्याच्या हाती थोडी सत्ताही असते.

यात विसंगती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण समुपदेशकाशी तुलना केली की चित्र बदलते. समुपदेशक ऐकलेले सहसा स्वतःपाशी ठेवू शकतो, मात्र परीक्षा पुढे ढकलणे त्याच्या हातात नसते. डीन अर्ज मार्गी लावतो, प्राध्यापकांशी बोलतो, नियमातली सवलत दाखवून देतो, मात्र संपूर्ण गुप्ततेचे वचन त्याला देता येत नाही. त्याची मदत उपयोगी पडते ती अधिकारामुळे, आणि तिला मर्यादा पडते तीही अधिकारामुळेच. ही गाठ सोडवून टाकण्यापेक्षा ती कशी सांभाळली जाते हे पाहणे, हा या क्षेत्राचा गाभा आहे.

ती सांभाळणे किती अवघड असते, हे २०१२ साली दिसले. एका विषयाच्या घरी सोडवायच्या परीक्षेत सुमारे सव्वाशे विद्यार्थ्यांवर नक्कल केल्याचा संशय आला. चौकशीसंबंधीचा एक ईमेल बाहेर फुटला, आणि तो कोणाकडून गेला हे शोधण्यासाठी प्रशासनाने सोळा रेसिडेंट डीनच्या ईमेल खात्यांत शोध घेतला. पुढच्या वर्षी हे उघडकीस आल्यावर प्राध्यापकवर्गात संतापाची लाट उसळली. विद्यार्थ्याने डीनला लिहिलेले कोण वाचू शकतो, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

कायद्यानेही या पदाला आकार दिला. एकेकाळी अमेरिकेतील महाविद्यालय पालकाच्या जागी उभे राहून विद्यार्थ्याला विनाचौकशी काढून टाकू शकत असे. जेवणगृहातील वर्णभेदाविरुद्ध धरणे धरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अलाबामात असेच काढले गेले. १९६१ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सार्वजनिक महाविद्यालयाला अशा कारवाईपूर्वी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागेल. १९७४ च्या कायद्याने शैक्षणिक नोंदींवरचा हक्क महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती दिला. आणीबाणीसारखे काही अपवाद त्यात आहेत. त्यामुळे नाशिकहून आईने मध्यरात्री फोन करून “आमचा मुलगा नापास तर होत नाही ना?” असे विचारले, तर डीन तिचे ऐकून घेईल, मुलाला घरी फोन करायला सांगेल, पण गुण बहुधा सांगणार नाही. आपल्याकडच्या पालकांना हे कोरडे वाटते. मुलाला मात्र त्यामुळेच डीनच्या दारी निर्धास्तपणे जाता येते.

महाराष्ट्रात वसतिगृहाचा आरंभ वेगळ्या गरजेतून झाला. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले आणि मागोमाग अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत. तिथल्या मुलांचे आईपण लक्ष्मीबाई पाटलांनी केले. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच शिक्षण शक्य, हे या परंपरेचे मूलतत्त्व. पुढे घराची माया रेक्टरकडून अपेक्षिली गेली, पण अनेक ठिकाणी ते पद शिकवण्याचे काम सांभाळून करायचा जादा कार्यभारच राहिले. रॅगिंगविरोधी २००९ च्या यूजीसी नियमांनी वॉर्डन पूर्णवेळ असावा आणि कोणत्याही वेळी उपलब्ध असावा, अशी अपेक्षा लिखित स्वरूपात आणली.

नव्या अभ्यासकाने सुरुवात नियमपुस्तिकेपासून करावी, पण तिथेच थांबू नये. अडचणीची बातमी प्रथम कोणाकडे जाते, तो माणूस स्वतःच्या सहीने काय बदलू शकतो, आणि कळलेले तो आणखी किती जणांना सांगतो, हे तीन प्रश्न घेऊन कोणत्याही वसतिगृहात जावे. हार्वर्ड असो वा कोल्हापूर, त्यांची उत्तरे एकमेकांशेजारी मांडली की विद्यार्थ्याला आधार कुठे मिळतो आणि कुठे नुसती देखरेख होते, हे पुराव्यानिशी सांगता येईल.